वाटेवरचें घर

दिवाळीचे चार दिवस सरले, कीं पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दरवर्षीं एक दृश्य आमच्या दृष्टीस पडतें. वाडीच्या तोंडाशीं एखादा टेंपो उभा असतो. त्यांत पातेलीं, गोधड्या, तांदळाचें पोतें, कोंबड्यांची डालगी आणि या सर्वांच्या वर लहान मुलें चढविलेलीं असतात. कातकऱ्यांचीं हीं कुटुंबें वीटभट्टीवर निघालेलीं असतात. तीं परत येणार तीं पावसाळ्याच्या तोंडीं. पंचवीस वर्षें आम्ही हें पाहत आलों, आणि प्रत्येक वेळीं आमच्या मनांत 'बिचारे!' एवढा एकच शब्द उमटत आला. या शब्दाविषयींच आज वाचकांपुढें मन मोकळें करावयाचें आहे. तो शब्द दिसतो तितका दयाळू नाहीं, हें आम्हांस अलीकडे एका दहा वर्षांच्या मुलीनें शिकविलें.

नेरे हें गांव गाढी नदीच्या खोऱ्यांत आहे. येथून पुढें रस्ता मालडुंगे, धोदाणी अशा गांवांवरून माथेरानच्या कड्याखालीं जातो. याच खोऱ्यांतील देहरंगच्या धरणाचें पाणी पनवेलकर पितात. नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं येथें तीन खोल्यांचें घर बांधलें. विटा जवळच्याच भट्टीवरच्या. त्या कोणीं थापल्या, हें विचारण्याचें आम्हांस तेव्हां सुचलें नाहीं. भिंतींवर गिलावा चढला, रंग चढला, आणि विटांबरोबर त्या थापणारे हातहि दिसेनासे झाले.

गेल्या दिवाळीपूर्वीं आम्हीं व आमच्या कांहीं स्नेह्यांनीं मिळून आसपासच्या मुलांसाठीं चित्रांची स्पर्धा ठेवली. विषय होता, 'पाऊसपाणी बदललें, माणसें निघालीं.' परीक्षक अर्थात् आम्हीच. पहिलें बक्षीस आम्हीं पनवेलच्या एका हुशार मुलास दिलें. त्याच्या चित्रांत भेगाळलेली जमीन होती, वठलेलें झाड होतें, आणि डोक्यावर बोचकीं घेऊन चाललेल्या माणसांच्या पाठी होत्या. चित्र सफाईदार होतें आणि तें हुबेहूब आमच्या मनांतल्यासारखें होतें. आमच्या खोऱ्यांत जमीन भेगाळून कोणी गांव सोडीत नाहीं, येथें पाऊस कमी पडण्यापेक्षां भलत्या वेळीं आणि भलता पडण्याचेंच भय अधिक, ही साधी गोष्ट आम्हां परीक्षकांपैकीं एकाच्याहि ध्यानीं आली नाहीं.

एका कातकरी मुलीचें चित्र मात्र निराळें होतें. कागदाच्या एका टोकास वाडीवरचें कुडाचें घर, दुसऱ्या टोकास भट्टीवरचें विटांचें खोपट, आणि मध्यें वाट. वाटेवर आई, बाप, कुत्रा, कोंबडी, सगळीं समोर तोंड करून चाललेलीं. आईच्या हातीं विटांचा साचा, आणि तो तिनें असा धरलेला कीं जणूं कांहीं देवीचें आयुधच. भट्टीशेजारीं झेंडा लावलेली एक इमारत होती. आम्हीं विचारलें, "हें काय ग?"

"शाळा."

"भट्टीवर शाळा असते का?"

"नाय."

"मग काढलीस ती?"

"पायजे ना, आजोबा!"

आम्ही हंसलों आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिलें. घरीं आल्यावर मात्र तें 'पायजे ना' कांहीं केल्या मनांतून जाईना.

तिच्या आईशीं पुढें बोलणें झालें तेव्हां कळलें, कीं पावसाळ्यांत घरांत धान्य नसतें, तेव्हां भट्टीवाल्याकडून उचल घ्यावयाची आणि हिवाळ्या-उन्हाळ्यांत नवराबायकोनें विटा थापून ती फेडावयाची. मजुरी हजार विटांवर. कच्च्या विटा उन्हांत वाळत असतांना अवकाळी सर आली, तर केलेलें काम पुन्हां चिखल होतें. मुंबईस मोसमी पाऊस यावयाचा तो साधारणतः 11 जूनला. 2025 सालीं तो 26 मे रोजींच येऊन ठेपला. "पाऊस लवकर आला आणि आमचा हिशेब राहिला," असें ती बाई म्हणाली. या लोकांचें जाणें केवळ ऋतु बिघडल्यामुळें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीं खैराच्या लांकडापासून कात काढून जगणारी ही जमात. जंगल तिच्या हातून गेलें, जमीन हातीं आलीच नाहीं, आणि कर्ज तेवढें उरलें. बदललेलें ऋतुमान या जुन्या अन्यायाच्या पाठीवर येऊन बसलें आहे इतकेंच.

ऋतु बिघडल्यानें काय होतें, हें पाहण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. प्रबळगडाच्या पलीकडे इर्शाळगड आहे. त्याच्या अंगावरील ठाकरांच्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्रीं मुसळधार पावसांत डोंगराची दरड कोसळली. 27 जणांचे मृतदेह हातीं लागले. 57 जणांचा शोध लागला नाहीं. वांचलेल्यांस डोंगर सोडून खालीं चौक गांवाजवळ तात्पुरत्या खोल्यांत राहावें लागलें. त्या दिवसांतलीं छायाचित्रें आम्हीं पाहिलीं. चिखल, आक्रोश, पुन्हां चिखल. तीं खोटीं नव्हतीं. परंतु बाजारास जातांना किंवा गड चढतांना ज्यांनीं आम्हांस पाणी पाजलें असेल, ज्यांस कोणत्या रानांत कोणता कंद मिळतो हें ठाऊक होतें, तीं माणसें त्या छायाचित्रांत आम्हांस कोठेंच भेटलीं नाहींत. भेटले ते आपद्ग्रस्त. आपद्ग्रस्तास ब्लँकेट द्यावयाचें असतें. नवें गांव कोठें व कसें वसवावें, हें त्यास विचारावयाचें असतें, असें आमच्या मनांत आलें नाहीं.

दुःखाचीं चित्रें काढूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. 1943 सालीं बंगालच्या दुष्काळांत चित्तप्रसादांनीं गांवोगांव हिंडून उपासमारीचीं रेखाटनें केलीं. तीं पुस्तकरूपानें निघतांच सरकारनें त्याच्या प्रती नष्ट केल्या. तीं रेखाटनें आरोपपत्रें होतीं म्हणूनच सरकार त्यांस भ्यालें. पण आरोपपत्रानंतर मागणीपत्रहि लागतें. अमेरिकेंत जेकब लॉरेन्स या तरुण कृष्णवर्णी चित्रकारानें 1940-41 मध्यें साठ चित्रांची एक माला रंगविली. दक्षिणेंतील लाखो कृष्णवर्णी माणसें उत्तरेकडील शहरांत कां व कशीं गेलीं, याची ती कथा. कपाशीवरील कीड आणि पुराचें पाणी हीं कारणें तींत आहेत, जुलूम आहे, नव्या शहरांत झालेले दंगेहि आहेत. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. तरीहि मालेच्या अखेरीस तीन मुली फळ्यावर अंक लिहीत आहेत, असें एक चित्र आहे. तें आठवलें आणि आमच्या नेऱ्याच्या मुलीनें काढलेली शाळा डोळ्यांपुढें उभी राहिली. तिनें लॉरेन्सचें नांव कधीं ऐकलेलें असणार नाहीं. आणि आम्ही मात्र तें नांव ठाऊक असून तिला उत्तेजनार्थ ठरविलें!

आपल्या मराठींत तरी याहून वेगळें काय आहे? वाटेगांवाहून लहानपणीं पायीं मुंबईस आलेल्या अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. गांव सोडून पोटासाठीं मुंबईस आलेला माणूस तींत बोलतो. तो बिचारा नाहीं. त्यास प्रेम आहे, आठवण आहे, विनोद आहे. आणि त्याचा विरह पुढें सबंध महाराष्ट्राची मागणी होऊन उभा राहतो. गिरणगांवानें ती छक्कड दया यावी म्हणून ऐकली नाहीं, ती आपली म्हणून ऐकली.

कल्पनेंत माणूस बदलला, कीं कायदाहि बदलूं शकतो. 1972 च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लक्षावधि लोक खडी फोडीत होते. त्यांस दुष्काळपीडित म्हणूनच पाहिलें असतें, तर दुष्काळाबरोबर सारें विसरलें गेलें असतें. पण ते काम मागणारे लोक आहेत आणि काम मागणें हा त्यांचा हक्क आहे, असें म्हणणारे निघाले, चळवळी झाल्या, आणि 1977 सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. भिकेचा हक्क होण्यास मधलें जें अंतर ओलांडावें लागतें, तें आधीं मनांत ओलांडावें लागतें. कलेचें काम तेथें आहे.

येथें एक शंका वाचक घेतील, आणि ती आम्हांसहि आली. आशेचें चित्र म्हणजे दुःखावर घातलेला गिलावाच नव्हे काय? तसें पुष्कळदां होतें. वारल्यांचें लग्नाच्या चौकाचें चित्र आज हॉटेलच्या भिंतीवर नाचतें आणि वारल्याच्या जमिनीची चौकशी तेथें कोणी करीत नाहीं. म्हणून आम्हीं आपल्यापुरती एक कसोटी ठरविली आहे. जें चित्र पाहून आम्ही निश्चिंत होतों, तें आशेचें नव्हे. जें पाहून आम्हांस कांहींतरी देणें लागतों असें वाटतें, तें आशेचें. त्या मुलीची शाळा आम्हांस निश्चिंत करीत नाहीं. ती नाहीं, आणि असावयास पाहिजे. या दोन गोष्टी एकाच कागदावर तिनें मांडल्या. भेगाळलेल्या जमिनीपुढें आम्हांस सुस्कारा टाकून घरीं जातां आलें होतें.

चूक सुधारावी म्हणून आम्ही चार दिवसांनीं वाडीवर गेलों. तें चित्र चौकट करून आपल्या दिवाणखान्यांत लावावें, असा विचार होता. टेंपो भरत होता. आम्हीं चित्र मागितलें. मुलगी आईच्या मागें सरकली आणि मान हालवून म्हणाली, "नाय. तें भट्टीवर लावायचंय."

आईनें तिला दटावलें. आम्हींच बाईंना थांबविलें. चित्र कोठें लागावें हें तिला आमच्यापेक्षां अधिक कळत होतें. आमच्या भिंतीवर तें शोभलें असतें; भट्टीवर तें रोज उठून शाळा मागेल.

टेंपो गेला. आम्ही घरीं आलों तों मागच्या भिंतीचा गिलावा एके जागीं सुटलेला दिसला. त्यांतून लाल वीट दिसत होती, आणि विटेवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे होते. गवंड्यास अद्याप बोलाविलेलें नाहीं. आधीं त्या भट्टीचा पत्ता काढावयाचा आहे. आणि तेथें मुलांसाठीं काय करतां येईल, हें त्या मुलीच्या आईस विचारावयाचें आहे.