पार्ट निघालाय

स्वस्तात वस्तू मिळाली म्हणून खुशीत घरी येणारा माणूस आणि मुलीला चांगलं स्थळ मिळालं म्हणून खुशीत घरी येणारा माणूस, या दोघांचंही लगेच अभिनंदन करू नये. वर्षभर थांबावं.

मी पहिल्या वर्गातला. उघडली की मिटत नाही अशी छत्री, पाहुणे आले की नेमका रुसणारा मिक्सर, असली माझ्या काटकसरीची फळं सौ.ला तोंडपाठ आहेत आणि ती यादी ती अगदी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा ऐकवते. परंतु या सगळ्या वस्तूंनी मिळून जेवढा घाम काढला नाही, तेवढा एकट्या एका वस्तूने काढला. ती वस्तू म्हणजे आमचा 15 हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा, छोटा ट्रॅक्टर.

आमचं शेत पुरुषोत्तमनगरच्या बाजूला, शहादा तालुक्यात. 1998 पर्यंत आम्ही धुळे जिल्ह्यात होतो, मग बसल्या जागी नंदुरबार जिल्ह्यात गेलो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना. गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्याने ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढत मोठमोठे ट्रॅक्टर डुलत जातात, आणि त्यांच्यापुढे आमचा ट्रॅक्टर म्हणजे वरातीत बापाचं बोट धरून आलेलं पोर दिसतो. पण तो मी उगीच घेतला नव्हता. आमच्याकडे ऊस थोडा, पपई आणि कापूस जास्त. पपईच्या दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर घालायचा म्हणजे देवघरात हत्ती बांधायचा. हा चार फुटांच्या आतला, सहज जातो. शिवाय किंमत तीन लाखांच्या घरात. माझ्या निवृत्तीच्या पैशात बसत होती.

मी नाशिकला एका कचेरीत 31 वर्षं कारकुनी केली. तेवढी वर्षं शेत दादांनी सांभाळलं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. सोन्या आणि हरण्या ही त्यांची बैलजोडी. मी निवृत्त होऊन गावी आलो आणि कचेरीतल्या सवयीप्रमाणे पहिल्याच आठवड्यात घरातल्या घरात एक टिपण तयार केलं. कडबा इतका, सरकी-पेंड इतकी, गुरांचा डॉक्टर इतका, वर्षाचे इतके. आणि बैल कामाला लागतात किती दिवस, तर निम्मं वर्षसुद्धा नाही. टिपणाच्या शेवटी मी एक वाक्य घातलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता. "ट्रॅक्टर उभा असला तर खात नाही."

(आमच्या घरची बोली वेगळी. इथे ती छापील मराठीत धुऊन घेतली आहे.)

दादांनी टिपण ऐकलं. मग बराच वेळ गोठ्याकडे बघत म्हणाले, "उभा असला तर खात नाही, हे खरं आहे बापू."

2022 च्या आखाजीला ट्रॅक्टर घरी आला. त्याआधी आठ दिवस सोन्या आणि हरण्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याकडे गेले. दादांनी त्यांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा तेवढ्या काढून घेतल्या आणि ओसरीतल्या खुंटीला लावल्या. बोलले काही नाहीत. दादांच्या न बोलण्याचे पाचसहा प्रकार आहेत, त्यांतला हा कोणता ते मला ओळखू आलं नाही.

नव्या ट्रॅक्टरबद्दल मला पहिली गोष्ट कळली ती ही, की त्याचं वय वर्षांत नाही, तासांत मोजतात. समोर एक मीटर असतं, इंजिन जितके तास चालेल तितके आकडे पुढे सरकतात. 50 तासांनी पहिली फुकट सर्व्हिस. बाळाचं बारसं असावं तशी मी तिची वाट पाहिली. सर्व्हिस झाली आणि हातात बिल आलं. मी म्हटलं, "फुकट ना?" काउंटरवरचा मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, मजुरी फुकट. ऑईल, फिल्टर, ग्रीस तुमचं." म्हणजे जेवण फुकट, फक्त भाजी, पोळी आणि भाताचे पैसे. हा डीलर कोणत्या गावचा ते मी सांगत नाही. मला तिथे अजून जावं लागतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. मृगाचा पाऊस झाला, जमिनीला वाफसा आला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, वाफसा म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ अशी, औजाराला हो म्हणणारी. हा पाहुणा चार दिवसांचा. तेवढ्यात शेवटची वखरणी करून सरकी लावून घ्यायची. पहिल्या दिवशी सकाळी आमचा ट्रॅक्टर झकास चालला. अकराच्या सुमाराला ओळीच्या टोकाला वळायचं म्हणून दादांनी लिव्हर ओढला, आणि मागचं औजार वर उचललंच जाईना. अर्धवट उठायचं आणि दमेकऱ्यासारखं खाली बसायचं.

औजार उचलण्याचं हे प्रकरण हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश गृहस्थाने काढलं, 1920 च्या दशकात. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा बांधलेला असे. फर्ग्युसनने तीन दांड्यांनी तो ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडला आणि तेलाच्या दाबाने उचलला. आज जगातला जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर तसाच असतो. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी 1958 च्या जानेवारीत फर्ग्युसन ट्रॅक्टरच चालवत दक्षिण ध्रुवावर पोचले, हजाराहून जास्त मैल बर्फातून. हे सगळं मी बांधावर बसल्या बसल्या दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "त्यांना वळायचं नसेल."

मी डीलरला फोन लावला. "माणूस निघालाय," उत्तर आलं. दुपारी लावला, "निघालाय." चारला लावला, "तिथेच पोचला असेल बघा." माणूस आला सहाला. टापटीप पोरगं, छातीवर कंपनीचं नाव, हातात जॉब कार्ड. त्याने ट्रॅक्टर सुरू केला, लिव्हर ओढला, आणि औजार तिन्ही लोक उचलल्यासारखं झोकात वर गेलं. त्याने दहा वेळा उचललं, दहा वेळा ठेवलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत पोट दुखतं म्हणून घरी आलेल्या मुलाकडे आई पाहते तसं. जॉब कार्डावर लिहिलं, "दोष आढळला नाही." मी सही केली. कारकुनाच्या हातून सही पटकन होते.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ. सकाळी ठणठणीत, अकराला आडवा. पुन्हा फोन. आता काउंटरवरचा मुलगा म्हणाला, की मग आतली अख्खी असेंब्लीच बदलावी लागेल, ती वॉरंटीत बसते, पण पार्ट कंपनीतून मागवायला लागेल. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "पार्ट निघालाय."

हे ऐकलं आणि मला एकदम घाम फुटला. कारण हा आवाज माझ्या ओळखीचा होता. तो माझाच होता. 31 वर्षं मी खिडकीतून हेच सांगत आलो होतो: "फाईल निघाली आहे." समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन आहे, त्याला परत गावी जाणारी एसटी गाठायची आहे, हे मला दिसायचं, पण फाईल कपाटातच असली तरी ती निघाली आहे म्हटलं की माणूस निघतो, हा अनुभव होता. त्या पोराला रागवायला माझ्यापाशी तोंडच नव्हतं. सौ.ला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "चला, बरं झालं. एक हिशेब इथल्या इथे फिटला."

त्या दिवशी ट्रॅक्टर वावरात मधोमध उभा. शेजारच्या वावरात बैलांची दोन वखरं चालू होती. दादा बांधावर बसून बघत होते. संध्याकाळी उठताना म्हणाले, "खात नाही, हे मात्र खरं."

एवढंच. त्या रात्री मला झोप नाही. सरकी चार दिवस उशिरा लागली तर आभाळ कोसळत नाही, हे मलाही कळत होतं. पण बैल माझ्या टिपणावर विकले होते. दादांनी उभ्या जन्मात एकदा माझं ऐकलं, ते हे.

पहाटे बघतो तर दादा ट्रॅक्टरजवळ. बैलांच्या वेळची त्यांची सवय होती, उठल्याबरोबर गोठ्यात जायचं, शेण बघायचं, नाकपुडीला हात लावायचा. बैल आजारी आहे हे त्यांना बैलाच्या आधी कळायचं. आता ते वाकून ट्रॅक्टरच्या पोटाखाली बघत होते. तिथे काही गळलेलं नव्हतं. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "बापू, हा गार असला की उचलतो. तापला की दम सोडतो. दोन्ही दिवस अकरालाच. तो पोरगा आला तेव्हा हा सहा तास सावलीत उभा होता, त्याला काय दिसणार?"

मला हे सुचलं नव्हतं. जॉब कार्डवाल्यालाही नाही. यंत्र कामाच्या वेळी कसं वागतं ते बघायचं सोडून आम्ही दोघं कागद बघत होतो.

आम्ही ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे नेला. ट्रॉल्यांची वेल्डिंग आणि मोठ्या ट्रॅक्टरांचे गिअरबॉक्स हा त्याचा धंदा. आमचं वाहन पाहून त्याने आधी हातातला चहा संपवला. मग अहिराणीत विचारलं, "हाऊ ट्रॅक्टर शे का खेळनं?" दादांनी अपमान गिळून लक्षणं सांगितली. मिस्त्रीचा चेहरा बदलला. म्हणाला, तेल गार असतं तेव्हा घट्ट असतं. तापलं की पातळ होतं आणि बारीकशा फटीतूनही निसटतं, मग दाब टिकत नाही. आत रबराची रिंग असते, ती कुठेतरी कापली गेली असणार. खोलू का?

आता प्रश्न आला वॉरंटीचा. बाहेरच्या माणसाने खोललं की वॉरंटी गेली, असं त्या पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं आणि मी ते ठळक वाचलं होतं. मी दादांना बाजूला घेतलं. पैसे माझे, नाव माझं, वॉरंटी माझी, आणि तरी मी शाळकरी पोरासारखा विचारलं, "दादा, तुम्ही सांगा."

दादा म्हणाले, "खोल."

दीड तास गेला. तेल घमेल्यात उतरलं, कव्हर निघालं, पिस्टन बाहेर आला आणि मिस्त्रीने करंगळीवर एक काळी रिंग धरून दाखवली. एका जागी नखभर कापलेली. बहुधा बसवतानाच धारेला लागली असावी. त्याने डब्यातून तिच्या मापाची दुसरी काढली, तेल लावून हलक्या हाताने बसवली. रिंगचे 30 रुपये, मजुरीचे 600. तेल गाळून पुन्हा भरायचा त्याचा विचार होता, पण दादा म्हणाले नवीन घाल, आजारातून उठलेल्याला शिळं देत नाहीत. दुपारी एक वाजता, रणरणत्या उन्हात, औजार वर गेलं आणि वरच राहिलं. दादांनी ते पाच मिनिटं तसंच धरून ठेवलं. वाफशाचा अजून एक दिवस शिल्लक होता. तो पुरला, चौथ्या दिवशी संध्याकाळी सरकी लागली.

त्यानंतर ट्रॅक्टर सुधारला असं मी म्हणणार नाही. एकदा डिझेलमध्ये हवा धरली, एकदा फॅनबेल्ट तुटला, एकदा सेल्फ नुसताच टकटक करू लागला आणि बॅटरीचं टर्मिनल सैल निघालं. पण आता रोज पहाटे त्याच्या पोटाखाली कोणीतरी वाकून बघतं. आधी पाणी बघतात, मग तेलाची कांडी पुसून बघतात, मग एअर क्लीनर. दादांना इंग्रजी येत नाही, पण इंजिनाच्या आवाजात खरखर आली की त्यांचं जेवण थांबतं. थांबवताना मात्र अजून तोंडाने "हो, होऽ" म्हणतात आणि ब्रेक मागाहून दाबतात. त्यापायी कुंपणाचे दोन खांब गेले.

पोळ्याचा दिवस आला. मला त्या दिवसाची धास्तीच होती. मी सकाळी उगीचच शहाद्याला काम काढून जाणार होतो, पण वहिनींनी सुटू दिलं नाही. दादांनी ट्रॅक्टर धुतला, कुंकू लावलं, सुरू केला. आणि पुढच्या बाजूने खुळखुळ, खुळखुळ असा आवाज आला. माझ्या पोटात गोळा. नवीन काय सैल झालं? मी धावत पुढे गेलो. बॉनेटला घुंगुरमाळा बांधल्या होत्या, दोन्ही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. डीलरकडचा तोच मुलगा होता. आवाजात विजय मावत नव्हता. "काका, पार्ट आला!"

मी दादांना सांगितलं, असेंब्ली आली म्हणतात. दादांनी इंजिन बंद केलं. घुंगरांचा आवाज थांबला.

"विचार त्याला," दादा म्हणाले, "बैल पण पाठवतो का म्हणावं त्याबरोबर."

आखाजीपासून बैलांचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. काय करावं ते न कळून मी फोनवर म्हटलं, "उद्या बोलतो." वहिनी पुरणपोळीचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि हे कोणाच्या तोंडात घालायचं अशा विचारात. दादांनी एक पोळी उचलली, मोडून निम्मी स्वतः घेतली आणि निम्मी माझ्या हातावर ठेवली.