काढणाऱ्याच्या दारी

तापीत कोणी बुडालं की सारंगखेड्यात आधी निरोप जातो तो पाण्याची जाण असलेल्या दोघा-चौघांना. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, घरच्यांचा आकांत काठभर पसरतो. तेव्हा बुडी मारून, गळ टाकून प्रेत वर आणणारा माणूस ओल्या कपड्यांनी बाजूला उभा असतो. कोणीतरी त्याच्या हातात चहा देतं. तो घरी जातो. पुढे त्याला झोप लागते की नाही, याचा रकाना कुठल्याच कागदात नाही.

*

असाच एक जण परवा पुलाजवळ भेटला. बोलताना सारखे हात पँटला पुसत होता. हात कोरडेच होते. "डोयासमोर तेच दिखस, भाऊ," एवढंच म्हणाला. लेकरू होतं. चार महिने झालेत. घरात त्याने यातलं काही सांगितलेलं नाही, कारण त्याची धाकटी त्याच वयाची आहे.

*

खानदेशात माणूस गेला की 'द्वार' असतं. त्याची तारीख सगळ्यांना कळवतात. सोयरे येतात, ओट्यावर बसतात, फार बोलत नाहीत, पाणी पितात, उठतात. दुःखाचं घर एकटं पडू नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली ही रीत. पण काढणाऱ्याच्या दारी कोणी बसायला जात नाही. त्याच्या घरातलं कोणी गेलेलं नसतं ना! मला एक गट सुरू करायचा आहे, तो एवढ्यासाठीच: त्याच्याही दारी कोणी बसावं.

*

गटात कोणाकोणाला बोलवायचं, याची वहीत यादी करायला घेतली. माजी सैनिक. होमगार्ड. पोलीस ठाण्यातले शिपाई. 108 रुग्णवाहिकेचे चालक आणि डॉक्टर. पोलीस पाटील. आशाताई. पट्टीचे पोहणारे. आणि रस्त्याकडेचे शेतकरी, ज्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री दोंडाईचा-शहादा रस्त्यावर निमगुळजवळ एसटी आणि कंटेनरची धडक झाली. अशा रात्री सायरन ऐकू येण्याआधी आसपासची माणसं बॅटऱ्या घेऊन पोहोचलेली असतात. त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्याबरोबर घरी येतं.

*

फौजी आणि पोहणारा एकत्र बसतील का, असं एकाने विचारलं. बसावेत. सैनिकासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. पेन्शनचे, दवाखान्याचे कागद तिथे मार्गी लागतात. पण निवृत्तीबरोबर पलटण सुटते. रात्री दोनला दचकून उठल्यावर शेजारच्या खाटेवरून "काय रे?" विचारणारा जोडीदार उरत नाही. पोहणाऱ्याला तर पलटण कधी नव्हतीच. दोघांना एकच गोष्ट कमी पडते आहे.

*

ही काही नवी कल्पना नाही. पहिल्या महायुद्धात सैनिक थरथरत, मुके होऊन परतू लागले, तेव्हा 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक' या नावाखाली त्यांच्याबद्दल लिहिलं. व्हिएतनामहून परतलेले सैनिक 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपले आपण गोलात बसून बोलू लागले. काही मनोविकारतज्ज्ञ ऐकायला बसले. मनावरच्या आघातातून येणाऱ्या या आजाराला अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली 1980 मध्ये. म्हणजे पुस्तकाच्या आधी सतरंजी होती.

आणि आपल्या जवळचं उदाहरण धुळ्याच्या माणसाचं आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने त्यांना जे शिकवलं, त्यातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. 'देवराई' चित्रपटामागेही तेच होते. एका घराने सोसलेलं दुसऱ्या घराच्या कामी येतं, हे खानदेशच्या या माणसाने करून दाखवलं.

*

सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. बुजलेलं जनावर जाणता माणूस चाबकाने हाकत नाही. शेजारी एक शांत, वय झालेला घोडा आणतो आणि दोघांना संगतीने चालवतो. नव्याचे कान हळूहळू सैल पडतात. जुना घोडा काही शिकवत नसतो, तो फक्त बुजत नाही.

*

बैठकीचे नियम, आतापर्यंत सुचलेले:

महिन्यातून एकदा, दिवेलागणीनंतर. जागा सरकारी नको, पुढाऱ्याच्या अंगणातली नको. वर्दी घरी ठेवून यायचं. फोटो नाही, सत्कार नाही. इथलं बोलणं इथेच राहील. "त्यात काय एवढं" हे शब्द बंद. कोणाचं दुःख मोठं, ही तुलना बंद. दारू पिऊन आलेल्याला हाकलायचं नाही, घरी सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी भेटायला जायचं. ज्याला जड गेलं, त्याच्यासोबत एकाने घरापर्यंत चालायचं.

*

सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळा लिहितो: कोणाला बोलायला भाग पाडायचं नाही. घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं पुन्हा वदवून घेतल्याने उपयोग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते. गप्प बसलेलाही बैठकीला आलेलाच आहे.

*

आपली हद्दही आपण ओळखायची. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण सुटलं, दारू वाढली, किंवा "मी नसलो तर बरं" असं कोणी बोललं, तर ते सतरंजीवर निभणारं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो लावून द्यायचा, आणि जिल्हा रुग्णालयात नंदुरबारला सोबत जायचं. नुसता पत्ता सांगून भागत नाही, गाडीवर मागे बसावं लागतं.

*

6 डिसेंबरला होमगार्डचा वर्धापनदिन, 7 ला सैन्याचा ध्वजदिन, आणि त्याच सुमारास दत्तजयंतीची यात्रा. तेव्हा ही सगळी माणसं बंदोबस्तात उभी असतात. म्हणून पहिली बैठक पालं उठल्यावर, गाव रिकामं झाल्यावर.

आबांना सांगितलं; ते हवालदार म्हणून निवृत्त झालेत. "ओटा माझा," म्हणाले.

पुलाजवळच्या त्यालाही सांगितलं. "काय बोलानं?" त्याने विचारलं. काही नाही, नुसतं ये, म्हणालो. तो थोडा वेळ नदीकडे बघत राहिला. हात खिशात होते.

"त्या दिन होडी धरणारा एक जन व्हता," तो म्हणाला. "त्याले बी लई येऊ का?"