बोनेटखाली

पाऊस तोंडावर आला की मी बोनेट उघडतोच. आज वायपरचा फ्यूज उडालेला निघाला. निळं पारदर्शक प्लास्टिक, आतली पट्टी मधोमध तुटून काळवंडलेली. निळा म्हणजे १५ अँपिअरचा. त्याजागी पिवळा, २० चा ठोकून देणारे महाभाग असतातच. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायरिंग जळतं! हेडलाइटच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, हे तरी कितीजण पाळतात? कूलंट, इंजिन ऑइल ठीक. ब्रेक ऑइल मात्र काळपट. ते हवेतली ओल शोषतं, मग कमी तापमानालाच उकळतं, आणि घाट उतरताना नेमकं पेडल मऊ पडतं. गॅरेजवाला म्हणाला, "चालेल की अजून, साहेब." चालेल हो, थांबेल का? उद्या सकाळीच गाडी त्याच्याकडे टाकतोय.