शत्रूने धाडलेली वार्ता

परवा वर्गात ‘भाऊसाहेबांची बखर’ शिकवीत होतो. पानिपत आले की माझा आवाज आपोआप चढतो आणि घंटा झाल्याचे भान राहत नाही, हे माझे विद्यार्थी जाणून आहेत. तास संपल्यावर गडहिंग्लजकडची एक मुलगी टेबलापाशी येऊन म्हणाली, “सर, भाऊसाहेब गेले हे शत्रूला ठाऊक होतं. मग त्यांच्या बायकोला का नाही कळलं?”

“उद्या सांगतो,” म्हणून मी वेळ मारून नेली आणि संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर जाऊन बसलो.

१४ जानेवारी १७६१च्या त्या रणानंतर विश्वासरावांचा देह अब्दालीच्या छावणीत आणला गेला. पेंढा भरून तो मायदेशी न्यावा, असे काही अफगाणांच्या मनात होते. सुजाउद्दौल्याने रदबदली केली म्हणून त्याचे दहन झाले. भाऊंचे धड प्रेतांच्या राशीत सापडले, शिर नव्हते. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटवून त्यालाही अग्नी दिला गेला. सुजाच्या पदरी असलेल्या काशीराजाने हे लिहून ठेवले आहे. शत्रूच्या गोटातल्या या माणुसकीचे मला नेहमीच कौतुक वाटत आले.

पण देहाला अग्नी मिळाला, तरी पार्वतीबाईंना खात्री मिळाली नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. बाई १७८३ साली वारल्या. बावीस वर्षे वाट पाहणे म्हणजे काय, हे बखरकार सांगत नाही.

१९४९च्या जिनिव्हा कराराने हीच वाट पाहणे थोडे कमी केले. शत्रूच्या मृताची ओळख नोंदवावी, त्याच्या बिल्ल्याचा अर्धा भाग आणि चीजवस्तू परत पाठवाव्यात, असे त्यात आहे. १९९९ साली कारगिलात ब्रिगेडियर बाजवांनी पाकिस्तानच्या कॅप्टन कर्नल शेर खानाच्या खिशात, हा शौर्याने लढला, अशी चिठ्ठी ठेवली आणि मग देह परत गेला. २०२२ साली युक्रेनने मात्र मृत रशियन सैनिकांचे चेहरे यंत्राकडून ओळखवून थेट त्यांच्या घरच्यांना कळवायला सुरुवात केली. आईला सत्य कळावे, हा तिचा हक्कच. पण यंत्र चुकले तर? आणि तिच्या अश्रूंनी युद्ध जिंकायचे असेल, तर ती वार्ता की हत्यार?

दुसऱ्या दिवशी हे सारे मी त्या मुलीला सांगितले. ती खाली मान घालून ऐकत होती.

“माझा दादा सीमेवर आहे, सर,” ती म्हणाली. “यंदा भाऊबीजेला रजा नाही त्याला.” मग जरा थांबून, “कुणीही कळवावं, सर. शत्रूनं कळवलं तरी चालेल. पण खात्री करून कळवावं. आणि हसत कळवू नये.”

पानिपतावर वीस वर्षे बोलत आलेल्या मला त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. बखर मिटली आणि तिला म्हणालो, “दादाला फराळ पाठवलास का?”