शिंगाचा रंग

आमच्या शाळेचे संकेतस्थळ एका माजी विद्यार्थ्याने करून दिले, तेव्हा वेल्ह्यात सर्वांत जास्त फुशारून गेलो तो मी. मुख्याध्यापकांनी ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे दिले. "तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुम्हाला जमेल," असे म्हणाले. कादंबरीकाराला काहीही जमते असा एक समज आहे. तो खोडून काढण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. स्थळ उघडताच एक इंग्रजी पाटी आडवी येई आणि तिच्याखाली हिरवे बटण: सारे मान्य. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पाटी न वाचताच मी बटण दाबले.

मागाहून त्या मुलाने समजावून सांगितले. कुकी म्हणजे स्थळाने आपल्या फोनमध्ये ठेवलेली बारीकशी चिठ्ठी. 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुणाने ती काढली. मला ते लगेच उमगले. पाणवठ्यावर आलेल्या गुराच्या शिंगाला रंग लावून ठेवायचा. पुन्हा आले की तेच गुरू हे कळते. कुणाच्या गोठ्यातले, ते मात्र कळत नाही.

मग मला तक्ता बघण्याची चटक लागली. कोणते पान किती जणांनी उघडले, किती वाजता, कोणत्या गावाहून, परतून आलेले किती. गावांच्या रकान्यात वेल्हे कधी येतच नसे. तोरण्याच्या पायथ्याचे आमचे मोबाइल तिथे पुण्या-मुंबईचे होऊन बसत. एवढे शहाणे यंत्र, पण त्याला चेलाडी फाट्यावरून आत वळता येत नव्हते!

एक गोष्ट मात्र नजरेत भरली. दहावीच्या एका जुन्या फोटोचे पान रोज रात्री अकराच्या सुमारास कोणीतरी उघडी. दुसऱ्या रांगेतला एक मुलगा पुढच्याच पावसाळ्यात तापाने गेला होता. त्याचा दुसरा धड फोटो घरात नसावा. यंत्राला नाव ठाऊक नव्हते, मला होते. शहरात जो आकडा निनावी राहतो, तो आमच्या गावात थेट दार दाखवतो.

मी गप्प बसायला हवे होते. बाजारात त्याची आई भेटली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "रोज रात्री फोटो बघता ना, ताई?" चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. त्या रात्रीपासून तक्त्यात ते पान कोरे.

तिने ती पाटी मान्य केली होतीच की, असे मी मनाला सांगून पाहिले. पण पाटी नेमकी मुलाच्या तोंडावर येत होती. ती हटवल्यावाचून तो दिसणार कसा?

मी कायदे चाळले. युरोपच्या न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2019 रोजी ठरवले, की चौकटीत आधीच खूण करून ठेवलेली असली तर ती संमती नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 च्या कायद्याने सांगितले, की संमतीची सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे आणि संमती काढून घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. त्याचे नियम निघायला 2025 चा नोव्हेंबर उजाडला.

मी पाटी मराठीत करायला बसलो. 'आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून' इथेच अडलो. खरे लिहायचे तर 'तुम्ही रात्री काय बघता हे मास्तरांना कळेल' असे लिहावे लागले असते. मुलाला फोन करून सारी मोजदादच काढायला लावली. मग पाटीचीही गरज उरली नाही.

तिच्या दारी जाऊन तसे सांगितले. ती तांदूळ पाखडीत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे आता बगितलं तरी तुमाला कळायचं न्हाई?"

"नाही."

"सोताच्या पोराला बगायची लाज कसली, सर," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पर तवा वाटली."

आणि सूप पुन्हा हलू लागले.