आरशापुढची पाच मिनिटे

भगिनींनो, बियाणे, खते आणि कीडरोग यांविषयी तुम्ही माझ्याकडून पुष्कळ ऐकले असेल. आजचा विषय थोडा निराळा आहे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी पुन्हा पावडर, काजळ आणि टिकली लावू लागले आहे. ‘या वयात हिला हे काय सुचले?’ असे कुणाच्या मनात आले तर नवल नाही. म्हणूनच हे लिहिते आहे.

नटण्याची आवड मला लहानपणापासून. आमच्या आजीची फणेरपेटी होती. झाकण उघडले की आत आरसा, खाली फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. गोठ्यात जाण्याआधी ती कपाळावर मेणाचे बोट लावी, त्यावर कुंकू रेखी, मगच शेणाला हात घाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. करताना आमच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या. प्रक्षेत्रावर चिखलात उतरतानाही माझे काजळ चुकत नसे.

पुढे नोकरी लागली. एसटीचे धक्के, उन्हातान्हातल्या शिवारफेऱ्या, घरी आल्यावर मुले आणि स्वयंपाक. पावडरीचा डबा कपाटात मागे मागे गेला. टिकली तेवढी राहिली होती. यजमान गेले आणि दहाव्या दिवशी बायकांनी माझे कपाळ पुसले. रीतच तशी, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. त्यानंतर शेतीशाळेत उभी राहिले की समोरच्या बायका आधी माझ्या कपाळाकडे बघत, मग हातातल्या रोपाकडे. संक्रांतीला शेजारच्या घरी हळदीकुंकू असले की मी मुद्दाम उशिरा घरी येई.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सारे थांबवायचे, असे गावाने ठरवले. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. परिपत्रक मी वाचले. पण कागद आला म्हणून हात कपाळाकडे जात नाही, हे माझ्यासारख्या बाईलाच कळेल.

हात उठला तो सासूबाईंमुळे. एके सकाळी त्यांनी टिकल्यांचे पाकीट माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, “लाव की गं. माझा लेक गेला, तुझं कपाळ कुठं गेलंय?” ऐंशी वर्षांची बाई, कधी शाळेची पायरी चढलेली नाही. मी टिकली लावली, कपाटातून पावडरही काढली. त्या दिवशी शेतीशाळेत थोडी कुजबुज झाली. ती सोसली. बैठक संपल्यावर मागे बसलेली एक तरुण विधवा हळूच जवळ आली आणि विचारले, “बाई, ही टिकली कुठं मिळती?” कुजबुजीचे त्यानंतर मला काही वाटेनासे झाले.

आता थोडे कामाचे. विशीतली कातडी आणि पन्नाशीतली कातडी एक नव्हे. पाळी गेल्यावर त्वचेतला ओलावा आणि तेलकटपणा कमी होतो. कोरड्या जमिनीला भेगा दिसतात तसे होते. अशा चेहऱ्यावर भरपूर पावडर थापली तर ती सुरकुत्यांत बसते आणि वय अधिक दिसते. आधी तोंड धुऊन अंग किंचित ओले असतानाच थोडे खोबरेल किंवा साधे क्रीम लावा. ते जिरू द्या. मग पावडर अगदी हलक्या हाताने.

टिकलीच्या गोंदातील काही रसायनांमुळे काहींच्या कपाळाला खाज सुटते, काहींना पांढरा डाग पडतो. रात्री टिकली काढून ठेवा. खाज आली तर ती बंदच करा, डाग दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हळदीला क्षार आणि लिंबाचा रस लावून केलेले खरे कुंकू मिळाले तर उत्तम. बाजारातल्या पुष्कळशा कुंकवात नुसता रंग असतो. सुटा सुरमा घेऊ नका, त्यात शिसे असू शकते. काजळाची डबी एकमेकींत फिरवू नका, डोळे येण्याची साथ तशीच पसरते.

गोरे करणाऱ्या क्रीमबद्दल कळकळीने सांगते. बिननावाच्या काही क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि पारा मूत्रपिंडाला घातक आहे. कीटकनाशकाचा डबा घेताना लेबल वाचा असे मी सांगते, तसेच इथेही. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती वस्तू घेऊ नका. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहा. आणि फवारणी करून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला बोट लावू नका.

या साऱ्याला रोज पाच मिनिटे लागतात. दिवसभर आपण पिकाकडे, जनावरांकडे, घरच्यांकडे पाहतो. स्वतःच्या तोंडाकडे पाहायला एवढा वेळ घेतला तर त्यात चोरी कसली? जिला आवडत नाही तिने लावू नये, तिला कुणी आग्रह करू नये. पण जिला आवडते तिचे वय किंवा तिचा नवरा हयात आहे की नाही, हे कुणी मोजत बसू नये. चेहरा तिचा आहे.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकू कराल तेव्हा शेजारच्या विधवा जावेला, नणंदेला, वहिनीला आवर्जून बोलावा. करंडा तिच्यापुढे धरा. बोट बुडवायचे की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या.