'मूल झाले की सुधारेल'

'एक मूल होऊ दे, मग सुधारेल.' आमच्या वस्तीत मार खाणाऱ्या सुनेला हा सल्ला तिची आई देते, सासू देते, शेजारीणही देते. २०२२ साली आलेल्या 'डार्लिंग्ज' या हिंदी चित्रपटाने हा सल्ला पार उघडा पाडला आहे. महिला मंडळाच्या भगिनींसोबत आम्ही तो एका घरी टी.व्ही.वर पाहिला.

दिग्दर्शिका जसमीत के. रीन यांची ही कथा भायखळ्याच्या चाळीतली. बद्रू (आलिया भट) आणि तिची आई शमशू (शेफाली शहा). नवरा हमजा रेल्वेत टी.सी. रात्री मारायचे, सकाळी लाडीगोडी लावायची. प्रकरण पोलिसांत जाते तेव्हा तो मुलाची आशा दाखवतो आणि बद्रू माघार घेते. तिला दिवस जातात. पुढे संशयावरून तोच तिला जिन्यावरून ढकलतो. मूल जाते.

मग मायलेकी त्यालाच घरात बांधून ठेवतात, आणि येथे हसू येते. एवढ्या दुःखाची थट्टा कशाला, असे एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले. पण सर्वांत मोठ्याने हसल्या त्या ज्यांनी घरी सोसले आहे त्या. ज्या माणसाच्या पावलांच्या आवाजाने पोटात गोळा येतो, तसला माणूस खुर्चीला बांधलेला त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. मारहाणीला मारहाण हा तोडगा आम्हास मान्य नाही; अखेर बद्रूलाही होत नाही. शमशूने मात्र स्वतःच्या संसाराची भीती वर्षानुवर्षे पोटात दडवली आहे. तिचे गुपित येथे फोडत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवण वाढू नका. त्यात मुलगाही आला, हे आपण सोयीने विसरतो. मारकुट्या पोराची आईच सुनेला 'मूल होऊ दे' म्हणते!

चित्रपटात बद्रूचे ओरडणे ऐकूनही शेजारचे ब्यूटी पार्लर चालूच राहते. आमच्याकडे अशा वेळी टी.व्ही.चा आवाज वाढवतात. वास्तविक २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकते. बाईनेच जावे असे नाही, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही.

आता विहाराच्या फळ्यावर त्या अधिकाऱ्याचा फोन नंबर लिहिला आहे. दोघीजणी तो उतरवून घेऊन गेल्या. कोणासाठी, हे आम्ही विचारले नाही.